दोन हार्डडिस्कची जोडी: घरच्या रेडसाठी पार्टिशन आधी नीट आखा

माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये १ टीबीच्या दोन हार्डडिस्क रेड १ मध्ये होत्या. जे एकीवर लिहिलं जाई, तेच दुसरीवरही. त्यातली एक गेली. मी तेवढ्याच आकाराची नवी आणली, जोडली, आणि एमडीएडीएमने, म्हणजे लिनक्समध्ये रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने, सरळ सांगितलं की ही डिस्क ॲरेमध्ये, म्हणजे रेडने बांधलेल्या डिस्कच्या जोडीत, बसण्याइतकी मोठी नाही. दोन्हींवर १ टीबीच छापलेलं होतं. फरक निघाला जेमतेम १ एमबीचा. त्या जुन्या मदरबोर्डच्या बायोसने नव्या डिस्कच्या शेवटी स्वतःच्या बॅकअपसाठी जागा राखून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. पण खरी चूक माझीच होती. ॲरे बनवताना मी पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखून घेतलेला भाग, न करता आख्खी डिस्क, अगदी शेवटच्या सेक्टरपर्यंत, म्हणजे शेवटच्या कप्प्यापर्यंत, देऊन टाकली होती. बाबांनी स्कॅन केलेले जमिनीचे जुने कागद, आजीच्या आवाजातल्या ओव्या, १५ वर्षांचे फोटो, हे सगळं मी दुसरी मोठी डिस्क आणेपर्यंत चार दिवस एकाच डिस्कवर होतं. त्या चार दिवसांत घरात लाइट गेली की पोटात गोळा यायचा.

डिस्क कोऱ्या असताना पार्टिशनसाठी दिलेला अर्धा तास किती मोलाचा असतो, ते मी असं शिकलो. म्हणून हा लेख. उदाहरण घेतलंय ४ टीबीच्या दोन डिस्कचं, डेबियन किंवा उबंटू लिनक्सवरचं आणि एमडीएडीएम वापरून केलेल्या रेड १ चं. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची. एमडीएडीएम म्हणजे एम-डी-ए-डी-एम, याप्रमाणे. सगळ्या कमांड सुडो लावून चालवायच्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट

रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोटोंचं फोल्डर डिलीट केलंत, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइली खराब केल्या तर दोन्हीकडे खराब होतात. एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं, एवढंच रेडचं काम. म्हणून तिसरी प्रत हवीच, एखाद्या बाहेरच्या डिस्कवर, आणि जमलं तर ती डिस्क दुसऱ्या घरी. माझी भावाकडे असते. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डिस्कची अदलाबदल करतो.

मदरबोर्डच्या बायोसमध्येही रेडचा पर्याय असतो. लिनक्सवर तो वापरू नका. बायोसमध्ये साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टचा, मोड एएचसीआय ठेवा आणि रेडचं काम लिनक्सवर सोपवा. उद्या मदरबोर्ड जळाला तर एमडीएडीएमच्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशिनला लावता येतात, तिथे ॲरे ओळखला जातो.

रेड ५ बद्दल लोक विचारतात. तीन डिस्क, दोन डिस्कएवढी जागा, ऐकायला बरं वाटतं. पण एक डिस्क मेली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत बिनचूक वाचल्या गेल्या तरच नवी डिस्क भरते. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीची मर्यादा साधारणपणे १०चा १४वा घात एवढ्या बिटमागे एक अशी दिलेली असते, म्हणजे सुमारे १२.५ टीबी वाचनामागे एक. डिस्क प्रत्यक्षात याहून बऱ्या वागतात, पण घरच्या फोटोंसाठी मी ही जोखीम घेत नाही. दोन डिस्क असतील तर रेड १, चार असतील तर रेड १० किंवा रेड ६. पार्टिशन करण्याची रीत सगळीकडे तीच.

डिस्क ओळखा, नावावर विसंबू नका

लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं. ही नावं कायमची नसतात. केबल बदलली, मशिन सुरू होताना पेनड्राइव्ह लावलेला राहिला, तर कालची एसडीबी आज एसडीसी होते. चुकीच्या डिस्कवर पार्टिशन टेबल, म्हणजे पार्टिशनांची यादी, लिहिण्याचे बहुतेक अपघात इथेच होतात.

म्हणून डिस्क बसवण्याआधी प्रत्येकीचा सीरियल नंबर वहीत लिहून घ्या. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर शेवटची चार अक्षरं मार्करने ठळक लिहून ती पट्टी डिस्कच्या साटा केबलच्या बाजूला लावतो, म्हणजे कॅबिनेट उघडल्यावर डिस्क न काढता वाचता येते. मग एलएसबीएलके ही कमांड हायफन ओ देऊन आणि पुढे नेम, साइझ, सीरियल असे रकाने मागून चालवा. कुठलं नाव कुठल्या डिस्कचं, ते दिसेल. पुढच्या सगळ्या कमांडमध्ये शक्यतो डेव्ह फोल्डरमधल्या डिस्क, बाय-आयडी या फोल्डरातली लांबलचक नावं वापरा. त्यात कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. टाइप करायला वेळ लागतो, पण टॅब दाबलं की नाव पुरं होतं.

ऑपरेटिंग सिस्टिम या दोन डिस्कवर टाकू नका. तिच्यासाठी एक छोटी वेगळी एसएसडी ठेवा. मशिन सुरू करणारं ईएफआय पार्टिशन फर्मवेअर, म्हणजे बायोससारखा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, थेट वाचतं आणि त्याला लिनक्सचं रेड कळत नाही. ती गुंतागुंत टाळता येते, तर टाळावी. सिस्टिम पुन्हा टाकायला तासभर लागेल, ओव्या पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत.

आख्खी डिस्क न देता पार्टिशन का द्यायचं

एमडीएडीएमला आख्खी डिस्क दिली तरी चालते, त्यामुळे अनेकजण तसं करतात. न करण्याची तीन कारणं आहेत.

पहिलं मी भोगलेलं: शेवटी मोकळी जागा राहत नाही.

दुसरं विंडोजचं. ज्या डिस्कवर पार्टिशन टेबल नाही, ती विंडोजला कोरी वाटते आणि ते ती इनिशियलाइझ करू का असं विचारतं. घरातल्या कुणीतरी होय म्हटलं की संपलं. पार्टिशन असेल तर विंडोजला निदान इथे काहीतरी आहे एवढं तरी दिसतं.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. एमडीएडीएम आपली माहिती, म्हणजे सुपरब्लॉक, नेहमीच्या १.२ प्रकारात सुरुवातीपासून ४ केबीवर लिहितं. ५१२ बाइटच्या हिशेबाने ती जागा म्हणजे ८ नंबरचा सेक्टर. जीपीटी हे आजचं पार्टिशन टेबल १ ते ३३ नंबरच्या सेक्टरांत असतं आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. आता समजा, डिस्क आधी वापरलेली आहे. आख्खी डिस्क ॲरेला देताना सुरुवातीचं टेबल गेलं, पण शेवटची जुनी प्रत तशीच राहिली. काही मदरबोर्डचं फर्मवेअर ती प्रत पाहतं, टेबल बिघडलंय असं समजून ते सुरुवातीला पुन्हा लिहून काढतं आणि ८ नंबरच्या सेक्टरातला सुपरब्लॉक पुसला जातो. मशिन फक्त रीस्टार्ट केलं, आणि ॲरे गायब. पार्टिशन केलं की सुपरब्लॉक पार्टिशनच्या आत राहतो आणि हा प्रश्नच येत नाही.

वापरलेल्या डिस्क असतील तर आधी त्या स्वच्छ करा. जुन्या ॲरेमध्ये असलेल्या पार्टिशनवर एमडीएडीएमचा झिरो-सुपरब्लॉक हा पर्याय चालवा, मग आख्ख्या डिस्कवर वाइपएफएस, हायफन ए लावून. एंटर दाबण्याआधी सीरियल नंबर चिकटपट्टीशी ताडून पाहा.

आता प्रत्यक्ष पार्टिशन

जीपीटीच घ्या. जुन्या एमबीआर टेबलात ५१२ बाइटच्या सेक्टरांवर साधारण २.२ टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही.

आधी आकाराचा हिशेब करू. ४ टीबीच्या डिस्कवर बहुधा ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. त्यांना ५१२ ने गुणलं की ४ लाख कोटी बाइटच्या थोडं वर जातं. डिस्क कंपन्या १००० च्या पटीत मोजतात, जीडिस्कसारखे प्रोग्रॅम १०२४ च्या पटीत, म्हणून तीच डिस्क जीडिस्कच्या जी या एककात ३७२६ भरते. दुकानदाराने फसवलं नाही, मोजपट्टी वेगळी आहे. आपण पार्टिशन करायचं ३७२५ चं. शेवटी साधारण १ जीबी मोकळा राहतो. ४ टीबीत १ जीबी म्हणजे काहीच नाही, पण उद्या येणारी डिस्क थोडी लहान निघाली तर तीच जागा तुम्हाला तारते.

टर्मिनलमध्ये जीडिस्क आणि पुढे पहिल्या डिस्कचं नाव. मग एकेक अक्षर:

ओ दाबा, नवं कोरं जीपीटी टेबल तयार होतं. तो खात्री विचारेल.

एन दाबा, नवं पार्टिशन. नंबर १. सुरुवातीचा सेक्टर तो स्वतःच २०४८ सुचवेल, म्हणजे सुरुवातीपासून बरोबर १ एमबी. तो तसाच स्वीकारा. आजच्या डिस्क आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरांनी काम करतात आणि २०४८ ला त्या सेक्टरची हद्द बरोबर जुळते. जुनी मार्गदर्शनं ६३ नंबरच्या सेक्टरापासून सुरुवात करायला सांगतात. तसं केलं तर एकेका लिखाणासाठी डिस्कला दोन सेक्टर चाळावे लागतात आणि लिहिण्याचा वेग पडतो.

शेवटच्या सेक्टरच्या जागी अधिक चिन्ह, ३७२५ आणि मोठा जी. इथे उणे चिन्ह लावून शेवटून १ जीबी सोड, असंही सांगता येतं, पण ते करू नका. उणे म्हटलं की आकार त्या त्या डिस्कच्या लांबीवर ठरतो आणि दोन डिस्कवर दोन आकार होऊ शकतात. अधिक म्हटलं की दोन्हीकडे नेमका तोच आकार येतो.

प्रकाराचा कोड विचारेल तेव्हा एफ, डी आणि दोन शून्यं. हा लिनक्स रेडचा कोड. ॲरे याच्यावाचूनही चालतो, पण पुढे कुणी ही डिस्क उघडून पाहिली तर त्याला कळतं की हे एकटं वापरायचं पार्टिशन नाही.

मग सी दाबून पार्टिशनला नाव द्या. मी रेड हा शब्द आणि सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं असं नाव ठेवतो. पी दाबून सगळं एकदा वाचा, आणि मगच डब्ल्यू. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसतं. शंका आली तर क्यू दाबून बाहेर पडा.

हेच सगळं दुसऱ्या डिस्कवर हाताने पुन्हा करा. एका डिस्कचं टेबल दुसरीवर उतरवण्याची सोय आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगतो. पहिल्या वेळी हातानेच करा, सवय होते.

एक डिस्क ४ टीबीची आणि दुसरी ६ टीबीची असेल तर? पहिलं पार्टिशन दोन्हीवर ३७२५ चंच. मोठ्या डिस्कवर उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन करून तिथे गेली तरी चालेल अशा वस्तू ठेवा. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: एकाच ॲरेचे दोन भाग एकाच डिस्कवरच्या दोन पार्टिशनांत. ॲरे बनेल, हिरवागार दिसेल, आणि ती डिस्क मेली की दोन्ही प्रती एकदम जातील.

ॲरे बनवा

एमडीएडीएमला क्रिएट हा पर्याय द्या, पुढे ॲरेचं नाव एमडी०, लेव्हल १, रेड-डिव्हाइसेस २, आणि शेवटी दोन्ही पार्टिशनांची नावं. बाय-आयडीची नावं वापरत असाल तर त्यांच्या शेवटी हायफन पार्ट १ असलंच पाहिजे.

इथे स्क्रीन लक्षपूर्वक वाचा. या डिस्कवर पार्टिशन टेबल आहे, ते ॲरे बनवल्यावर नष्ट किंवा निरर्थक होईल, अशी ओळ दिसली तर तुम्ही शेवटचा १ विसरलात आणि आख्खी डिस्क दिलीत. एन दाबून थांबा. ॲरेची माहिती सुरुवातीला लिहिली जाते, त्यामुळे तो बूटसाठी योग्य नसेल, अशी दुसरी सूचना येते. आपण यावरून मशिन सुरू करणार नाही, तेव्हा तिथे वाय.

ॲरे लगेच वापरता येतो, पण आत दोन्ही डिस्क एकसारख्या करण्याचं काम चालू असतं. ४ टीबीला साधारण ७ ते ८ तास लागतात. प्रोक फोल्डरातली एमडीस्टॅट फाइल कॅटने वाचली की किती टक्के झालं ते दिसतं. चौकटी कंसात यू यू दिसलं तर दोन्ही डिस्क ठीक. एका यूच्या जागी खालची रेघ दिसली तर ती डिस्क ॲरेबाहेर आहे.

फाइल सिस्टिम ॲरेवर बनवायची, पार्टिशनवर नाही. मेक-एफएसचा ईएक्सटी४ प्रकार, एमडी० वर. ईएक्सटी४ न सांगता ५ टक्के जागा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, युजरसाठी बाजूला ठेवतं. ४ टीबीवर ती सुमारे २०० जीबी होते. फोटोंच्या डिस्कवर तिची गरज नाही, म्हणून हायफन एम आणि ० द्या. आणि यापुढे एसडीए१ किंवा एसडीबी१ एकटं कधीही माउंट करू नका. तसं करून काही लिहिलंत तर दोन प्रती वेगळ्या होतात आणि रेडला ते कळत नाही.

आता ॲरेची नोंद ठेवा. एमडीएडीएमच्या डिटेल आणि स्कॅन या पर्यायांनी जी ओळ येते, ती इटीसीच्या आतल्या एमडीएडीएम फोल्डरमधल्या एमडीएडीएम डॉट कॉन्फ या फाइलच्या शेवटी चिकटवा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस, हायफन यू चालवा. हे राहून गेलं तर रीस्टार्टनंतर ॲरे एमडी१२७ या नावाने उगवतो आणि आपण घाबरतो. डेटा जागेवरच असतो. एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशिन सुरू होताना काय काय जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ॲरेच्या नावाऐवजी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लिहा आणि नोफेल हा शब्द घाला, म्हणजे ॲरे मिळाला नाही तरी मशिन सुरू होताना अडून बसणार नाही.

३० सेकंदांची गोष्ट

साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधी कधी मिनिटापेक्षा जास्त. लिनक्स मात्र ३० सेकंदच वाट पाहतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते डिस्क रीसेट करू लागतं आणि एका खराब सेक्टरपायी चांगली डिस्क ॲरेबाहेर फेकली जाऊ शकते. डिस्कने लवकर हार मानली असती, तर लिनक्सने दुसऱ्या डिस्कवरून तो सेक्टर वाचून दुरुस्त केला असता.

स्मार्टसीटीएल या कमांडमध्ये, हायफन एलपुढे एससीटीईआरसी लिहून ७०, ७० दिलं की डिस्क ७ सेकंदांत थांबते. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या मशिनसाठी, विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये हे बहुधा आधीच लावलेलं असतं. बऱ्याच डिस्क लाइट गेली की ही सेटिंग विसरतात, म्हणून मशिन सुरू होताना ती आपोआप लागेल अशी सोय करा. डिस्कला ही सोयच नसेल तर उलट करा, लिनक्सची वाट पाहण्याची मुदत १८० सेकंद करा. घरी बांधलेल्या ज्या रेडना मी हात लावला, त्यांत हे केलेलं एकदाही आढळलं नाही. फार वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांचं काम आहे.

लाइटवरून आठवलं. इन्व्हर्टर असेल तर त्याचा मोड यूपीएसवर ठेवा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. लिहिता लिहिता बंद पडलाच, तर मोठ्या ॲरेसाठी एमडीएडीएम स्वतःच बिटमॅप ठेवतं, म्हणजे कुठल्या भागात काम चालू होतं त्याची टिपणं. त्यामुळे पुन्हा ८ तास घालवावे लागत नाहीत, तेवढेच भाग जुळवले जातात.

भरलेली जुनी डिस्क जोडीत घ्यायची असेल तर

बहुतेकांची परिस्थिती हीच: एक डिस्क फोटोंनी भरलेली आहे, आणि एक नवी आणली. यासाठी एमडीएडीएममध्ये छान सोय आहे. फक्त नव्या डिस्कवर पार्टिशन करा आणि ॲरे बनवताना दुसऱ्या पार्टिशनच्या नावाच्या जागी मिसिंग हा शब्द लिहा. ॲरे एका पायावर उभा राहतो. त्यावर फाइल सिस्टिम करा, जुन्या डिस्कवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने सगळं उतरवा, मग आरसिंक चेकसमसह, म्हणजे फाइलींतला मजकूर ताडून, पुन्हा चालवून काही राहिलं नाही ना ते पाहा. त्यानंतरच जुन्या डिस्कवर तसंच पार्टिशन करून ते ॲड करा. जुनी डिस्क थोडी लहान निघण्याची शक्यता असेल तर ॲरे बनवण्याआधीच तिचे सेक्टर मोजा आणि लहान डिस्कप्रमाणे आकार ठरवा.

ॲड म्हटल्यावर जुनी डिस्क पुसून तिथे नव्याची नक्कल सुरू होते. त्या सात-आठ तासांत तुमचे फोटो एकाच डिस्कवर असतात, आणि ती नवीकोरी, न पारखलेली. म्हणून भावाकडची ती तिसरी प्रत या दिवसाच्या आधी तयार हवी.

डेटा भरण्याआधी एकदा तालीम

मशिन बंद करा, एका डिस्कची केबल काढा, पुन्हा सुरू करा. थोडा उशीर लागेल, पण ॲरे यायला हवा, यू आणि रेघेसह. एखादी फाइल लिहून पाहा. बंद करा, केबल लावा, सुरू करा आणि री-ॲड म्हणा. बिटमॅपमुळे काही क्षणांत यू यू येईल. चिकटपट्टीवरचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळतं का, याचीही परीक्षा होते.

मेलही तपासा. एमडीएडीएम डॉट कॉन्फमध्ये मेलॲड्रपुढे तुमचा पत्ता लिहा आणि मॉनिटर, स्कॅन, वनशॉट, टेस्ट हे पर्याय लावून चाचणीचा मेल पाठवा. तो आला नाही तर मेल पाठवण्याची व्यवस्था आधी बसवा. एक डिस्क मरून सहा महिने झाले आणि कुणाला पत्ताच नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरेची तपासणी आपोआप करतं. त्या दिवशी डिस्कचा आवाज आला तर मशिन बंद करू नका.

डिस्क बदलण्याचा दिवस

तो येईलच. मेलेल्या डिस्कला एमडीएडीएमने फेल आणि मग रिमूव्ह करा. मशिन बंद करून चिकटपट्टी वाचा आणि तीच डिस्क काढा. नवी बसवा, तिला पट्टी लावा.

आता टेबल उतरवायचं. एसजीडिस्कला हायफन आणि मोठा आर दिला की ते होतं, पण नावांचा क्रम मनात येतो त्याच्या उलट आहे. आरच्या लगेच पुढे येते नवी डिस्क, जिच्यावर लिहायचं ती. शेवटी येते जुनी, म्हणजे जोडीतली जिवंत राहिलेली, जिच्यावरून वाचायचं. उलट झालं तर जिवंत डिस्कवर कोरं टेबल लिहिलं जातं. म्हणून आधी एसजीडिस्कच्या बॅकअप पर्यायाने जुन्या डिस्कचं टेबल एसएसडीवरच्या फाइलमध्ये ठेवा. मग आर. मग नव्या डिस्कवर हायफन आणि मोठा जी, म्हणजे तिला स्वतःचे ओळख क्रमांक मिळतील. पार्टिशनच्या नावात जुन्या डिस्कची अक्षरं उतरली असतील, ती जीडिस्कमध्ये सीने बदला.

नवं पार्टिशन ॲड करा, एमडीस्टॅटमध्ये टक्के वाढताना दिसले की स्क्रीन बंद करून झोपा. सकाळी यू यू दिसल्यावर वहीत जुना सीरियल नंबर खोडा आणि खाली तारखेसह नवा लिहा.